वाट्याचा वारा

जिन्यातला दिवा भरदुपारी जळताना दिसला की तो मालवल्याशिवाय म्हाताऱ्याचा पाय पुढे पडायचा नाही. म्हणून इमारतीत त्याला सगळे बटणराव म्हणत. बायको म्हणायची, "माझ्या शिवणाच्या डब्यातली सगळी बटणं मिळून जेवढा छळ करत नाहीत, तेवढा हे एकटे करतात."

पण छळ गोड होता. फ्रिजचं दार उघडून विचार करायचा नाही, विचार करून दार उघडायचं. आंघोळीला एक बादली, तीही कोमट. बाजारहाट पायी. स्कूटर तर त्यानं विकलीसुद्धा नाही. विकली तर दुसरा कुणी तिचा धूर काढणारच, म्हणून तिचे सुटे भाग करून भंगारात दिली. बायकोनं कपाळाला हात लावला आणि भाजीची पिशवी उचलून त्याच्याबरोबर चालायला लागली.

या सगळ्याचं कारण गॅलरीतून दिसायचं. वस्तीपलीकडे वीजघराचं धुराडं उभं होतं, आणि त्या धुराड्याखाली बॉयलर सांभाळण्यात त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली होती.

"लोक आपापल्या घरचा धूर कमी करतात," तो म्हणायचा. "मी गावाचा काढलाय. हातून होईल तेवढा तरी परत घेतो."

धूर आभाळात गेला, पण कोळशाची बारीक पूड त्याच्या छातीतही उतरली होती. यंदा ऊन तापायला लागलं तसा त्याला न्हाणीघरापर्यंत जायलाही दम लागू लागला. डॉक्टरीणबाईंनी घरी ऑक्सिजनचं मशीन बसवायला लावलं. विजेवर चालणारं, पलंगाशेजारी घुमत राहणारं, आणि त्याची पातळ नळी नाकाशी.

"जेवताना, झोपताना, कायम," त्या म्हणाल्या. "बंद करायचं नाही."

त्या जिना उतरल्या आणि त्यानं ते बंद केलं.

"अहो, हे काय?"

"किती वीज ओढतं ठाऊक आहे? माझ्या एकट्याच्या श्वासासाठी तिकडं भट्टीत कोळसा पडायचा."

"पडू दे."

"आयुष्यभर पाडलाच की. आता मरतानाही पाडू?"

मुलीनं फोनवरून समजावलं, "बाबा, तुमच्या एका मशीननं जगाचं काही बिघडत नाही."

"प्रत्येक जण हेच म्हणतो, पोरी," तो म्हणाला, आणि मध्येच श्वास घ्यायला थांबला. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

ओठ निळसर पडत चालले होते, तरी हट्ट सुटेना. बायकोनं वाद घातला नाही. तिचा जन्म कपडे शिवण्यात गेला होता. बाहीला कापड कमी पडलं तर ते घेरातून काढायचं, एवढं तिला पक्कं ठाऊक. तिनं फ्रिजचा प्लग ओढला. इस्त्री माळ्यावर टाकली. छताचा पंखा बंद केला. मग पदरानं घाम पुसत त्याच्यासमोर उभी राहिली.

"हे माझ्या वाट्याचं. मी तुम्हाला दिलं. घरातली वीज होती तेवढीच राहिली. आता मुकाट्यानं नळी लावा."

ही भाषा त्याला कळणारी होती. एकीकडचा भार उतरला की तेवढाच दुसरीकडे चढवायचा, हेच तर त्यानं कामावर केलं होतं. डोळे मिटून त्यानं मनातल्या मनात हिशेब मांडला.

"भरत नाही. थोडं कमी पडतंय."

"मग माझं आंघोळीचं पाणीही गार."

तो हसला. हसता हसता खोकला, आणि खोकता खोकता त्यानं नळी नाकाला लावली.

त्यानंतर घरात मशीन घुमू लागलं. ती गळ्याभोवती ओला पंचा टाकून खिडकीखाली शिवायला बसे. दूध नासू नये म्हणून पुन्हा पुन्हा तापवी. शिवलेले कपडे गादीखाली दाबून ठेवी. गिऱ्हाईक म्हणे, "काकू, चुण्या पडल्यात हो."

"अंगात घाल. तुझ्या अंगानं सगळ्या चुण्या बरोबर भरून निघतात," ती म्हणे, आणि पलंगावरून खोकल्यात मिसळलेलं हसू येई.

पायाच्या मशीनच्या ठेक्यावर ती काहीबाही जुळवून गुणगुणत राही:

माझ्या वाट्याचा ग वारा, त्याच्या उशाशी ठेविते,
उन्हा, थांब रे दारात, त्याला झोप जरा येते.

त्याला झोप येत नसे. तो तिच्याकडे बघत पडून राही. तिच्या पाठीवर घामोळं उठलं होतं, तांबडंलाल. एकदा भांडी घासता घासता ती भिंतीला धरून खाली बसली. "पाय घसरला," म्हणाली. जमीन तर कोरडी होती.

"पंखा लाव."

"लावते की. आणि तुम्ही नळी काढता."

"जरा वेळ काढली तर काही होत नाही."

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"डॉक्टरांनी तुला पाहिलं नाही."

मुलगी आली तेव्हा भडकली. "आई, दोन्ही लाव ना. वेड लागलंय का तुम्हा दोघांना?"

"लावून पाहिलं," आई शांतपणे म्हणाली. "हे लगेच मशीन बंद करतात. माझा पंखा बंद असला तरच यांच्या गळी श्वास उतरतो. मग मी काय करू?" मुलीनं पंचा पुन्हा भिजवून आईच्या गळ्यात घातला.

आणि मग ती दुपार आली. जेवणं झाली, ती चटईवर जराशी लवंडली. किती दिवसांची झोप साचली होती, डोळा लागला तो लागलाच. जागी झाली तेव्हा अंग गार होतं. मानेवरचा घाम सुकला होता, कपाळावरची बट हलत होती. क्षणभर तिला इतकं बरं वाटलं की डोळे उघडूच नयेत.

मग तिच्या कानाला कळलं. वर पंखा फिरत होता. मशीन घुमत नव्हतं.

तो बटणांच्या पाटीखालच्या खुर्चीत बसला होता. पलंगापर्यंत परत जायला दम पुरला नसावा. पाळी संपल्यावर कामगार पाण्याचा पाइप गुंडाळून ठेवतो तशी नळी नीट गुंडाळून त्यानं मांडीवर ठेवली होती. तोंड तिच्या चटईकडे होतं. तिला गाढ झोपलेली बघत बघतच तो थांबला होता.

तिनं आधी पंखा बंद केला, मग मशीन लावलं. तेव्हाही तिचा क्रम चुकला नाही. नळी त्याच्या नाकाशी धरून ती म्हणत राहिली, "घ्या. घ्या ना. माझी झोप झाली. बघा, मी उठलेय."

संध्याकाळी मुलगी आली. शेजारी आले, जिन्यात माणसं उभी राहिली. त्याला पलंगावर निजवलं होतं आणि उशाशी मशीन तसंच घुमत होतं. मुलगी वाकली, बटणापाशी हात नेला.

"राहू दे," आई म्हणाली.

"आई, आता कशाला ग?"

"त्यांचा आजचा वाटा संपायचाय अजून."

मुलीनं हात मागे घेतला आणि आईला खेटून बसली. आईनं नळीचं टोक आपल्या तळव्यावर धरलं होतं. तिथं बारीकसा वारा येत होता.