घरची सुई

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. माझ्यात कधी लाडू नव्हते की पीठ नव्हते. माझ्यात इंजेक्शनच्या सुया आणि काचेच्या नळ्या उकळत.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एका पत्र्याच्या शेडखाली माझा जन्म झाला. साल १९८३. जाड स्टीलचे अंग, दोन कड्या, आत भोकांची ताटली. तिथून मी खाडीकाठच्या एका लहानशा धर्मादाय दवाखान्यात आलो. आजूबाजूला कोळ्यांची घरे होती. दारात जाळी वाळत, आणि वारा आला की दवाखान्यातही सुकटीचा वास येई.

माझा दिवस सकाळी आठला सुरू होई. मंदाकिनी सिस्टर स्टोव्ह पेटवत, मला वर चढवत आणि घड्याळ बघत. पाणी उकळू लागले की पुढे पूर्ण वीस मिनिटे. काचेच्या नळ्या माझ्या पोटात टकटक वाजत. बाकावरची माणसे तो आवाज ऐकत बसत. गोळ्या दिल्या तर त्यांचे समाधान होत नसे. साधी सर्दी असली तरी "डॉक्टर, सुई टोचा" असा हट्ट असे, आणि डॉक्टरही पुष्कळदा नाही म्हणत नसत. त्यामुळे मला उसंत नव्हती. लोक म्हणत, इथली सुई पिकत नाही. ते ऐकून माझे झाकण आपोआप थरथरे.

खोटे सांगत नाही, सगळेच दिवस तसे नव्हते. रॉकेल संपले की पाणी कोमटच राही. गर्दी फार झाली की भगवान कंपाउंडर वीसऐवजी पाच मिनिटांतच झाकण उघडे. मला ते कळे, पण डब्याला तोंड कुठे असते?

मग नव्वदनंतर वरून एक कागद आला. रक्तातून पसरणाऱ्या रोगांची भीती वाढली होती. उकळलेल्या काचेच्या नळ्या बंद, एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या सुया सुरू. नियम चांगला होता. मी त्याच्यावर रुसलो नाही. मला पुसून कपाटावर ठेवले. समोरच्या भिंतीवर पाटी लागली: प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र सुई. मला दुसरे काही कामच नव्हते. सिस्टर लोकांना पाटी वाचून दाखवत, ते ऐकता ऐकता मी एकेक अक्षर ओळखायला शिकलो. माझ्याशी बोलायला तिथे दुसरे कोणी नव्हते.

पण कागद पूर्ण आला आणि सुया अर्ध्याच आल्या. पेटी महिन्याच्या मध्यालाच रिकामी होई. मग सिस्टर सगळ्यांना सांगू लागल्या की आपापली सुई औषधाच्या दुकानातून आणा.

त्या दिवसांत मंजुळाबाई नवऱ्याला घेऊन येई. नाथाला क्षय झाला होता. त्याला दोन महिने रोज सुई घ्यायची होती. मध्ये एक दिवसही चुकवू नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. होडी काठावर उलटी पडली होती. घर मंजुळाबाईच्या मासळीच्या टोपलीवर चालले होते.

एकदा सिस्टर दहा दिवस डोंबिवलीला भावाकडे लग्नाला गेल्या. मागे सुया टोचायला एकटा भगवान होता. परत आल्या त्या सकाळी मंजुळाबाईने कमरेची पुरचुंडी सोडली. पांढऱ्या फडक्यात सुई होती. सिस्टरनी ती हातात घेतली आणि खिडकीपाशी नेली. नळीवरचे आकडे पुसत आले होते.

"ही कुणाची?"

"आमचीच हाय, सिस्टरबाय."

"आमची म्हणजे?"

"घरची. तुमीच बोललात ना, आपापली सुई आणा. पाटीवर पन तेच लिवलंय, भगवानने वाचून दाखवलंन. मी रोज गरम पान्यात धुते. शेजारच्या आवडाबाईने मागितली, तिला पन दिली नाय." तिच्या आवाजात अभिमान होता. "आमच्या रतनला पन गेल्या आठवड्यात हीच टोचली, धनुर्वाताची."

रतन तिची मुलगी. पाच महिन्यांची पोटुशी होती.

सिस्टर एकदम खुर्चीवर बसल्या. भगवान खाली बघू लागला. बाकावर कोणीतरी हसले आणि म्हणाले, "आता घरचा डॉक्टर पन पाळ गो." मग सगळा बाक हसला. मंजुळाबाईने फडके गुंडाळले, नाथाचा हात धरला आणि त्याला सुई न टोचून घेताच ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. नाथाच्या तीन सुया चुकल्या. रतनच्या रक्तात काय गेले होते, कोणालाच ठाऊक नव्हते. कपाटावरून मला दवाखान्याचे दार दिसे. मी दाराकडेच बघत राहिलो.

तिसऱ्या दुपारी सिस्टर भर उन्हात कोळीवाड्याकडे गेल्या. तिथे काय बोलणे झाले, मला कळले नाही. मला तिथे कोण नेणार? पण चौथ्या सकाळी नाथा बाकावर बसलेला होता, आणि सिस्टर रतनला स्वतः मोठ्या रुग्णालयात घेऊन गेल्या. आठ दिवसांनी रक्ताचा कागद आला. सिस्टरनी तो मंजुळाबाईला वाचून दाखवला. दोष नव्हता. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचे होते. मंजुळाबाई पदराने तोंड पुसत राहिली.

सिस्टरनी ती पाटी उतरवली. खडूने फळ्यावर लिहिले: एक सुई, एक माणूस, एकदाच. मग मोडून टाकायची.

रतनच्या दुसऱ्या सुईचा दिवस आला. बाक भरलेला होता. त्या दिवशी हसलेली माणसेही त्यात होती. भगवान नव्या सुईचे बंद पाकीट उचलून आतल्या टेबलाकडे निघाला.

"थांब रे," मंजुळाबाई म्हणाली. "हितं. माज्यासमोर."

भगवानने पाकीट तिच्याच हातात दिले. तिने ते उलटेसुलटे पाहिले, सगळीकडून दाबून पाहिले आणि मग फाडले. कागदाचा बारीक चर्र आवाज सगळ्या बाकाने ऐकला. आवडाबाई उठून म्हणाली, "माजं पन हितंच फाडा." या वेळी कोणी हसले नाही.

मित्रांनो, आजारी पडलात तर आधी विचारा, ही सुई खरेच हवी का? हवी असेल तर पाकीट डोळ्यांसमोर फाडायला सांगा, आणि वापरून झाली की ती मोडलेली पाहूनच उठा. लाजू नका. आणि एखाद्याला पाटीचा अर्थ वेगळा कळला, तर हसण्याआधी त्याच्याजवळ बसून सांगा. नियम लिहिणाऱ्या मोठ्या माणसांना माझे सांगणे एवढेच आहे, की नियमाबरोबर पुरेशा सुयाही पाठवा.

माझे काय? मी कपाटावरच आहे. अंगावर धूळ साचली आहे. खाली दिवसभर पाकिटे फाटतात, आणि मी एकटाच ती मोजत बसतो.