दारातला पंखा आणि सौनातली राख

मित्रांनो, मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. नका ठेवू! मी एक जुना पंखा आहे. छताला लटकून वारा घालणारा बापुडा नव्हे. घर नवं बांधलं किंवा वाढवलं, की माणसं राहायला येण्याआधी मला लाल कापडाच्या पडद्यात त्याच्या दारात बसवतात. मी आतली हवा बाहेर खेचतो. मग जिथे फट असेल तिथून थंडी शिट्ट्या वाजवत आत शिरते, आणि माझ्याच पेटीत राहणारा दाबमापक आकडा दाखवतो. आकडा वाईट, तर राहायला परवानगी नाही.

अमेरिकेतल्या डलूथ शहराची अर्धी टेकडी मी तपासली. घरं तपासून सही देणाऱ्या डार्लीनबाई मला टॉवेलात गुंडाळून न्यायच्या. बाकीच्यांनी मात्र शिव्याच दिल्या. फटी ठेवायच्या यांनी आणि वेळखाऊ कोण, तर मी! त्यातून रॉडनी ब्रेक्के हा ठेकेदार तर माझ्या डोक्यातच गेला होता.

टेस सालमेलानं तान्ह्या ओटोसाठी त्याच्याकडून घराच्या मागच्या बाजूला एक खोली वाढवून घेतली होती. तोवर मायलेकरं सासूच्या स्वयंपाकघरात झोपत होती. त्या दिवशी ती रिकामा पाळणा घेऊनच आली. बाहेर बर्फ भुरभुरत होता. रॉडनीनं आपल्या गाडीची काच चार बोटं खाली केली.

"उरका हो डार्लीनबाई! मला हरणांच्या शिकारीला जायचंय."

"सौनाच्या भट्टीतली राख काढलीस का रे?"

"काढली, काढली! माझी आजीसुद्धा इतकं विचारत नाही."

कसली काढतोय! काम संपलं की कामगारांनी सौना, म्हणजे घरातली वाफेची खोली, तापवून घाम काढायचा, ही इथली रीतच. राख तशीच राहिली होती. मी फिरू लागलो आणि ती भस्सकन उडून थेट पाळण्यात पडली.

"अगं बाई, गादी!" टेस किंचाळली.

डार्लीनबाई नव्या खोलीत गेल्या. कपाटामागे भिंतीला चिकटवलेलं प्लास्टिक बेडकासारखं फुगलं होतं. त्यांनी ते टरकावलं. पलीकडे भोक! त्यातून शेजारचा कुत्रा दिसत होता.

"इथं माझा ओटो झोपणार होता?" टेसनं विचारलं.

"आज नाही झोपणार. मी सही करत नाही."

"मग परत सासूबाईंकडेच का?"

डार्लीनबाईंनी कागदावर सहीच्या जागी रेघ मारली.

मित्रांनो, माझं पित्त खवळलं! मी असा गरगरलो, असा गरगरलो, की सौनाच्या धुराड्यातून आधी रॉडनीची टोपी आली, मग कॉफीचा पेला, मग काळाठिक्कर रॉडनी! आला तो पालीसारखा माझ्या जाळीला चिकटला. "सोडा मला! आत्ता भोक बुजवतो, राख पुसतो!" म्हणून लागला रडायला. तेव्हा सांगून ठेवतो, रंग फासण्याआधी फटी बुजवा. भिंतीमागे लेकरं झोपतात, त्यांची काळजी करा. रॉडनीनंसुद्धा शेवटी टेसचे पाय धरले आणि—

"थापाड्या!" पेटीतून दाबमापक ओरडला. "रॉडनी गाडीतून उतरलाच नव्हता. हीटर लावून बसला होता. काच वर केली आणि गेला शिकारीला. पाळणा टेसनं एकटीनं परत गाडीत चढवला."