किनाऱ्याचं नाव

खिशातला मिऱ्याचा दाणा आता पार गुळगुळीत झाला होता. अंगठ्याखाली फिरवताना पूर्वी त्याच्या सुरकुत्या लागायच्या… लागायच्या ना? की तेही आपणच मनाशी धरून बसलोय? ओबेड लॅराबीने दाणा बाहेर काढून पाहिला नाही. खिडकीतून धक्क्यावरच्या डोलकाठ्या दिसत होत्या, त्यातली सगळ्यात उंच कॅप्टन गिडनीच्या जहाजाची – शिडं अजून गुंडाळलेली. दुपारची ओहोटी लागली की गिडनी पूर्वेला निघणार, आफ्रिकेला वळसा घालून थेट जावा बेटावरच्या बटाव्हियापर्यंत. आणि तिथून तो किनारा – ज्याचं नाव अमेरिकेतल्या या अख्ख्या सेलम बंदरात या एकट्या म्हाताऱ्याला ठाऊक होतं – वारा बरा असला तर फार लांब नव्हता.

नुसतं उठायचं, धक्क्यावर जायचं आणि म्हणायचं, गिडनी, अमक्या ठिकाणी जरा डोकावून ये, माझा मुलगा जोएल तिथे गेलाय. एवढंच! पण गिडनीला कळलं म्हणजे त्याच्या मालकाला कळलं, आणि त्याला कळलं म्हणजे पुढच्या वर्षी गावात जे जे तरंगतं ते सगळं त्या किनाऱ्यावर जाऊन उभं राहणार. हा विचार आला आणि ओबेडला स्वतःचीच किळस आली. आणि किळस येऊनही तो खुर्चीतून हलला नाही.

किनारा शोधला होता जोएलने. मागच्या खेपेहून येताना मूठभर मिरी रुमालात बांधून आणली आणि इथेच, या टेबलावर ओतली – "बाबा, डोंगरावरून टोपल्याच्या टोपल्या खाली येतात, आणि घ्यायला आपल्यातलं काळं कुत्रं नाही तिथे!" त्या संध्याकाळी दोघं बापलेक दार लावून हसले होते, ओबेडची बायको हल्डा गेल्यानंतर या घरात पहिल्यांदाच कुणी हसलं असेल. मग नवं गलबत बांधलं, त्याला तिचंच नाव दिलं. जकातवाल्यांना सांगितलं, वेस्ट इंडीज. सेलममध्ये याला कुणी पाप म्हणत नाही. सगळे मालक असंच सांगतात आणि रविवारी प्रार्थनेला एका बाकावर बसतात. खलाशांना शपथ घातली. निघताना जोएलने हळूच विचारलं, "टॅमसिनला तरी सांगू का?" आणि मी म्हणालो… काय म्हणालो मी? बायकोला सांगितलंस म्हणजे विहिरीवर सांगितलंस. जोएल हसला. बापाचं मन राखायला हसला तो, हे मला तेव्हाही दिसलं होतं.

वेस्ट इंडीज म्हणजे सहा महिने. सहा महिने सरले तशी टॅमसिन छपरावरच्या सज्जात दुर्बीण घेऊन उभी राहायला लागली. बर्फ पडायला लागलं तरी उभीच. ओबेडला ठाऊक होतं, जोएल आत्ता कुठे मिरी भरत असेल. "येईल गं, काय एवढं," असं म्हणून तो खाली येऊन शांतपणे सफरचंदाचं सायडर प्यायचा. पुढचा हिवाळा आला, तोही सरत आला, आणि मग ओबेडच्या मनातली मुदतसुद्धा उलटून गेली. आता तोही रात्री उठून खिडकीशी जायचा. पण सांगणार कुणाला? त्याच्याइतकीच जोएलची वाट बघणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते माणूस भलत्याच समुद्राकडे बघत होतं.

"मामंजी, ताट वाढलंय. मासा गार होतोय."

शनिवारचा खारवलेला कॉड, उकडलेलं बीट, वर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे. टॅमसिन समोर बसली. त्याने बीट बाजूला सारलं.

"का? बीट काय वाईट आहे?"

"दात कुठे राहिलेत मला."

"धक्क्यावर तर म्हणतात, लॅराबीचे दात पडले तरी पकड सुटायची नाही," ती म्हणाली. हसली मात्र नाही. मग काटा खाली ठेवून म्हणाली, "उद्या मी चिठ्ठी बदलतेय."

कुठली चिठ्ठी, हे विचारायची गरज नव्हती. दर रविवारी पाद्रीबाबा वाचायचे – टॅमसिन लॅराबी, नवरा समुद्रावर, सुखरूप परत यावा म्हणून सर्वांनी प्रार्थना करावी. दुसऱ्या तऱ्हेची चिठ्ठीही असते. नवरा गेला, बाईला धीर मिळावा.

"घाई करू नकोस," ओबेड म्हणाला.

"घाई? अहो, माझं नाव वाचलं की बायका माना खाली घालतात. ना बायको, ना विधवा… किती दिवस असं लोंबकळायचं? वेस्ट इंडीजहून आलेल्या एकूण एक माणसाला विचारलं मी. दारू पिऊन पडलेल्यांना हलवून हलवून विचारलं. 'हल्डा' कुणी पाहिलंच नाही. एकानेही नाही, मामंजी! काळं कापड आणलंय मी कालच."

पाहतील कसे… बाहेर कुणीतरी पिंप गडगडत नेत होतं. आवाज लांब गेला. मग ओबेडने खिशातून दाणा काढून तिच्या ताटाशेजारी ठेवला.

"तो तिकडे गेलाच नाही. मिरी आणायला गेलाय. सुमात्राला."

आणि त्याने किनाऱ्याचं नाव सांगितलं. इतक्या दिवसांनी ते मोठ्याने ऐकताना फारच साधं वाटलं, एखाद्या मुलाच्या लाडक्या नावासारखं.

टॅमसिन दाण्याकडे बघत राहिली. "किती महिन्यांची खेप?"

"दीड वर्ष. जास्तही लागतं कधी."

"म्हणजे त्या पहिल्या हिवाळ्यात… मी वर उभी होते तेव्हा…"

"हो."

"तुम्ही मला शाल आणून दिली होती."

"हो."

"खांद्यावर घातलीत. आणि खाली गेलात."

धक्क्यावरून नांगर ओढणाऱ्यांची आरोळी आली. टॅमसिनने मान वर केली. "गिडनी कुठे चाललाय?"

"पूर्वेला."

ती उठली ती डोक्यावर टोपी न घालताच. हळू सांग, त्याला बाजूला घेऊन सांग – शब्द अगदी ओठांशी आले होते ओबेडच्या, मालकाचे शब्द – पण दार आपटलं होतं. तो खिडकीशी गेला. ती उतारावरून धावत होती आणि धावता धावता ते नाव ओरडत होती. काचेतूनही ऐकू येत होतं. पिंपं बांधणारा हातोडा थांबवून वळला. समोरच्या घरातली बाई दारात आली. सगळ्यांनी ऐकलं. गेला, गेला किनारा… तो काळजात कळ यायची वाट बघत उभा राहिला. कळ आलीच नाही. एवढंच दिसत होतं की तिकडे गिडनीचं पहिलं शीड सुटलंय आणि ती अजून वखारीच्या वळणापाशी आहे.

"पळ," ओबेड म्हणाला. "पळ गं पोरी. मोठ्याने ओरड."

खिडकी बंद होती, तिला ऐकू जाणार नव्हतं. तरी तो सांगत राहिला.