गाडी कोण चालवत होतं

डेनीज पिंचबेकनं नावाची चिकटपट्टी कोटावर लावली, वाकडी बसली म्हणून काढली आणि पुन्हा लावली, तर ती आणखी वाकडी बसली. हॉटेलच्या ह्या मागच्या खोलीत एरवी लग्नाची जेवणं होत. आज तिथं वीसेक माणसं वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखी बसली होती आणि कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं.

“ही शिक्षा नाही बरं का,” शिकवणारे गॉर्डन म्हणाले. आयुष्यभर लोकांना गाडी शिकवून शांत झालेले पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. “जादा वेगात कॅमेऱ्यानं पकडलं, लायसन्सवर दंडाचे पॉइंट नकोत, म्हणून तुम्ही आपल्या खुशीनं ह्या कोर्सला आलात. सकाळभर माझे विनोद ऐकायचे, हाच काय तो दंड.”

“ते सोडा,” पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली. “आधी सांगा, ह्यानं विम्याचा हप्ता वाढतो का?”

खोली हसली. सगळ्यांच्या पोटातलं तेच होतं. बाईनं ओठावर आणलं एवढंच.

“काही कंपन्या विचारतच नाहीत,” गॉर्डन म्हणाले. “त्यांना आपणहोऊन सांगायची गरज नाही. काही कंपन्या विचारतात आणि थोडा वाढवतात. विचारलं तर मात्र खोटं बोलू नका. उद्या काही झालं तर तुमच्या विम्याची किंमत रद्दीएवढी.”

डेनीजनं मान हलवली. तिनं सगळी चौकशी आधीच करून ठेवली होती. तिची कंपनी कोर्सचं विचारत नव्हती, फक्त पॉइंटचं विचारत होती. तेवढ्यासाठी तर ती इथं बसली होती.

कारण त्या गुरुवारी रात्री गेडबी गावाच्या तोंडाशी, ताशी तीस मैलांच्या हद्दीत, गाडी अडतीसनं पळवली होती ती तिच्या मुलानं, कीरननं. कीरन एकवीस वर्षांचा. ह्या वयाच्या पोराला स्वतःच्या नावावर विमा घ्यायचा तर गाडीच्या किमतीएवढा हप्ता पडतो. म्हणून सगळे करतात तेच डेनीजनं केलं. गाडी आईच्या नावावर, मुख्य चालक आई, आणि मुलगा आपला कधीमधी चालवणारा. प्रत्यक्षात डेनीज आठवड्यातून एकदा भाजी आणायला गाडी न्यायची, तीही कीरननं दिली तर. शेजारच्या सँड्राकडे हेच होतं, बहिणीकडे हेच होतं. ह्याला कुणी खोटेपणा म्हणत नसे. म्हणायचीच वेळ आली तर काटकसर म्हणत.

नोटीस अर्थातच डेनीजच्या नावानं आली: गाडी कोण चालवत होतं ते कळवा. फोटो गाडीच्या पाठीमागून घेतलेला. नंबर स्पष्ट, आत कोण ते दिसत नाही. कीरनचा असाच एक कोर्स गेल्या वर्षी झालेला, आणि तीन वर्षांत दुसरा मिळत नाही. म्हणजे आता सरळ पॉइंट.

“आई, तू लिही ना तुझं नाव,” तो म्हणाला होता. “तीस वर्षांत तुला साधा दंड नाही. मला पॉइंट पडले तर विमा कुठून भरायचा? आणि गाडी नाही तर काम नाही.”

त्यानं असं आर्जवानं काही मागून किती दिवस झाले होते. बाप सोडून गेल्यापासून पोरगं घुम्यासारखं राहायचं. डेनीजनं सही केली, आणि खरं सांगायचं तर तिला त्यात बरंच वाटलं होतं.

“आता एकेकानं सांगा,” गॉर्डन म्हणाले. “कुठं पकडलं आणि घाई कसली होती? सक्ती नाही, पण मन हलकं होतं.”

कुणी मुलीला शाळेत सोडायला चाललं होतं, कुणाची कुत्री मागच्या सीटवर ओकली होती. डेनीजची पाळी आली.

“गेडबीत,” ती म्हणाली. “कालव्याच्या रस्त्यानं गावात शिरताना. फेब्रुवारीतला शेवटचा गुरुवार. नऊ वाजून गेले होते. घाई अशी काही नव्हती. लक्ष नव्हतं.”

समोरच्या खुर्चीतल्या एका बाईनं मान वर केली. चाळिशीची, केस घट्ट बांधलेले, हात भाजी धुणाऱ्यांचे असतात तसे लाल. तिनं डेनीजच्या कोटावरचं नाव वाचलं.

मधल्या सुट्टीत ती चहाचा कप घेऊन जवळ आली.

“मी रासा,” ती म्हणाली. “भाज्यांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. तुम्ही त्या गुरुवारी रात्री कालव्याच्या रस्त्यानं आलात ना?”

“हो.” डेनीजनं बिस्किट चहात बुडवलं.

“आमची डाइवा तिथंच सापडली. सायकलसकट, कालव्याच्या उतारावर, शुक्रवारी पहाटे. आमच्याच लिथुआनियाची. पोलिसांना वाटलं, पहाटेच्या पाळीला निघाली असेल तेव्हा कुणीतरी उडवली. म्हणून ते आपले पहाटेच्या गाड्या शोधत बसले.” रासाचा आवाज शांत होता, रोज तेच सांगून सांगून शांत झालेला. “गेल्या आठवड्यात शुद्धीवर आली. ती म्हणते, मी जात नव्हते, परत येत होते. रात्री नऊला सुटले होते. म्हणजे बघा, अख्खी रात्र ती तिथं पडून होती. एक पाय कापावा लागला.”

डेनीजचं बिस्किट मोडून कपात पडलं.

“तुम्ही काही पाहिलंत का? एखादी गाडी, थांबलेली किंवा पळणारी?”

“नाही,” डेनीज म्हणाली. “अंधार होता.”

“काहीही चालेल हो. सायकलचा दिवा दिसला असेल, तेवढंही पुष्कळ. तिचा दिवा चालू होता, ती देवाची शपथ घेऊन सांगते.” रासानं तिच्या दंडावर हात ठेवला. “मी पोलिसांना तुमचं नाव सांगू ना? नुसतं विचारतील. तपासावरच्या पोलीसबाई चांगल्या आहेत.”

डेनीजनं होकारार्थी मान हलवली.

उरलेला वेळ गॉर्डन पडद्यावर आकडे दाखवत होते, तीसनं धडकलं तर किती वाचतात आणि चाळीसनं धडकलं तर किती. डेनीजला ते ऐकू येत होतं आणि कळत नव्हतं. अर्ध्यावर उठून गेलं तर कोर्स धरत नाहीत, म्हणून ती शेवटपर्यंत बसली. जाताना गॉर्डननी सगळ्यांशी हात मिळवला.

हॉटेलच्या आवारात आपल्या गाडीसमोर ती उभी राहिली. डावा दिवा जुना, पिवळट पडलेला. उजवा स्वच्छ, काचेसारखा. त्या शुक्रवारी सकाळी कीरन म्हणाला होता की हरीण आडवं आलं. आणि तिनं काय विचारलं होतं? त्याला लागलं का, एवढंही विचारलं नव्हतं. ती म्हणाली होती, विम्यात कळवू नकोस, दावा न केल्याचा बोनस जाईल. भंगारवाल्याकडून दिवा आण, पैसे मी देते. आता तिला स्वतःच्या त्या शहाणपणाची शिसारी आली.

त्या शनिवारी घरी आल्यावर तिनं विषय काढला नाही. रात्रभर छताकडे बघत पडली. आपलेच दात, आपलेच ओठ, चावायचं कुणाला? शिवाय हरीण खरंही असेल. फेनच्या ह्या दलदलीच्या मुलखात काय हरणं कमी आहेत? पहाटेपर्यंत तिनं त्या हरणाला शिंगंसुद्धा दिली.

रविवारी दुपारी ओव्हनमध्ये मांस भाजत होतं. कीरन टेबलाशी फोनवर बोटं फिरवत बसला होता. डेनीज गाजरं चिरत होती.

“कोर्समध्ये एक बाई भेटली,” ती पाठमोरीच म्हणाली. “कालव्यावर सापडलेली ती मुलगी शुद्धीवर आलीय म्हणे.”

त्याची बोटं थांबली.

“कोण मुलगी?” असं तो विचारील म्हणून ती थांबली. देवा, एवढं विचार, ती मनात म्हणत होती. कोण मुलगी, एवढंच विचार.

“गाडीचं काही बोलली का ती?” कीरन म्हणाला. “रंग वगैरे?”

डेनीजनं सुरी खाली ठेवली. हात पुसायला टॉवेल घेतला आणि तो तसाच धरून राहिली.

“रात्रभर पडून होती ती, कीरन. नुसता फोन केला असतास. नाव न सांगता.”

“मला वाटलं, ती मेली.” तो टेबलाकडे बघत होता. मग त्यानं मान वर केली, आणि त्याचा आवाज एकदम समजूतदार झाला, विमावाल्यांशी फोनवर बोलताना तिचा व्हायचा तसा. “हे बघ आई. तू सही केलीयस. आता फिरवलंस तर खोटी सही केली म्हणून तूही आत. तू म्हण, मला काही दिसलं नाही, आवाजही आला नाही. तुझं वय, तुझं स्वच्छ लायसन्स. तुला कुणी काही करणार नाही. माझं अख्खं आयुष्य जाईल.”

“हे तू कधी ठरवलंस?” तिनं विचारलं. “नोटीस आली तेव्हाच?”

त्यानं फोन पालथा ठेवला. हप्त्याची गोष्ट खोटी नव्हती, हे तिला ठाऊक होतं. पण त्या दिवशी त्याचं खरं कारण ते नव्हतं.

दारावरची घंटा वाजली. कीरन उठला. एरवी घंटा वाजली की जागचा न हलणारा पोरगा, आज स्वतः जाऊन त्यानं दार उघडलं. पायरीवर पोलीसबाई उभ्या होत्या, वयानं त्याच्यापेक्षा फार मोठ्या नसाव्यात. हातातली टोपी त्यांनी काखेत धरली होती.

“आई, तुझ्याकडे आलेत,” कीरन म्हणाला, आणि त्यांना वाट देऊन जिना चढू लागला.

“मिसेस पिंचबेक? त्रास देते, माफ करा. फक्त एक खात्री करायची होती. त्या गुरुवारी रात्री गाडी तुम्हीच चालवत होतात ना?”

डेनीजनं जिन्याकडे पाहिलं. कीरन मधल्या पायरीवर थांबला होता, हात कठड्यावर. तो वळेल म्हणून ती थांबली. पोलीसबाईंना वाटलं, तिला ऐकू आलं नाही. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला, थोड्या मोठ्यानं. कीरन उरलेल्या पायऱ्या चढून गेला. वर त्याच्या खोलीचं दार लागलं.

“मी नव्हते,” डेनीज म्हणाली. “आत या. तो वर आहे.”