चार नावांचा फ्लेक्स

आप्पा गेले, आणि स्वप्नालीने फ्लेक्सवाल्या परमेश्वरला चार नावं लिहून दिली. पहिलं आप्पांचं, रामहरी. मग समशेर जहागीरदार, डी. विक्रांत, रजनी सरदेसाई. खताच्या दुकानात बसून आप्पांनी या तीन टोपणनावांनी खून-दरोड्यांच्या शंभरावर कादंबऱ्या लिहिल्या. त्यांचं स्वतःचं नाव एकाही मुखपृष्ठावर आलं नाही. निदान गेल्यावर तरी गावाला कळावं, एवढंच तिला हवं होतं.

फ्लेक्स चौसाळ्याच्या चौकात लागला. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मध्ये आप्पांचा फोटो, खाली चार नावं. दुपारपासून लोक घरी यायला लागले.

"जीप पलटी झाली म्हणं? चौघंबी जाग्यावरच गेले का?" शेजारच्या छबुबाईंनी विचारलं. मग आवाज खाली आणून, "आन् ती रजनी कोन?"

"काकू, ते सगळे आप्पाच."

"आसं कसं आसल? बाईच्या नावानं कशाला लिहील माणूस?"

चुलते सुंदरराव ओशाळून म्हणाले, "स्वप्ने, ते उतरव आधी. तुझ्या आईला लोक काय काय इचारायलेत."

तिने ऐकलं नाही. फ्लेक्सचा फोटो मोबाइलवर फिरत पुण्याला पोचला, आणि संध्याकाळी आप्पांच्या प्रकाशकाचा फोन आला. माणूस गोड बोलत होता.

"ताई, ती नावं आमची आहेत, काढून टाका. समशेरचं नवं पुस्तक छापायला गेलंय."

"आप्पांनी तर वर्षभर काही लिहिलं नव्हतं."

"दुसरे एक लिहितात. वाचकांना फरक कळत नाही हो."

भांडावं तर तिच्या हातात काहीच नव्हतं. आप्पांनी कधी करार मागितला नाही. हस्तलिखितं पुण्याला गेली ती गेलीच.

सकाळी परमेश्वरने फ्लेक्स बदलला. आता फक्त रामहरी. ती खाली उभी राहून बघत होती. ऊसतोडीला निघालेला एक ट्रॅक्टर चहाला थांबला होता. त्यातला एकजण जवळ आला.

"ताई, काल हितं समशेर जहागीरदार गेल्याचं लागलं व्हतं ना? मी लई हादरलतो. फडावर रातच्याला कोपीत बसून त्याचीच पुस्तकं वाचून दाखिवतो मी समद्यांला."

"चुकून छापलतं ते," परमेश्वर शिडीवरून म्हणाला.

"म्हंजी जित्ता हाय?" त्याने स्वप्नालीकडे पाहिलं.

"नवं पुस्तक येतंय," ती म्हणाली.

"ब्येस झालं!" त्याचा चेहरा खुलला. मग वर बघत त्याने विचारलं, "आन् हे कोन?"

"माझे वडील."

"आरारा," म्हणत त्याने हात जोडले, आणि ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला तसा तो पळाला.