बेटावरची चौकशी

हुबळीच्या केशवापुरातले पुंडलिकअप्पा मुलगी द्यायच्या आधी तिघांना विचारत: किराणा दुकानदार, शेजारी आणि दूधवाला. मुलाच्या आई-बापाला विचारण्यात त्यांना अर्थ वाटत नसे. आपल्या मालाला कुणी खराब म्हणत नाही, हे ते भांड्यांचे व्यापारी असल्यामुळे जाणून होते. पुतणी रूपाच्या वेळी घाईत ही चौकशी राहून गेली आणि जावयाची पहिली बायको थेट बारशाला येऊन पंगतीत बसली. तेव्हापासून अप्पांनी कानाला खडा लावला होता.

आणि आता त्यांच्या मुलीला, शुभांगीला, स्थळ आलं ते मालदीवच्या एका बेटावरचं. मुलगा नागेश, तिथल्या बड्या हॉटेलात नोकरीला. घरचे हुबळीतल्याच नवनगरचे, पण नवनगरात त्यांनी घर बांधलं ते मुलगा बेटावर गेल्यानंतर. तिथल्या कुणी त्याला पाहिलंच नव्हतं. फोटो मात्र झकास होता. निळं पाणी, पांढरी वाळू, नारळाची झाडं आणि कडेला कोट घालून नागेश. शुभांगीला मुलगा आवडला होता. तसं ती म्हणाली नव्हती, पण फोटो परत द्यायचं नावही काढत नव्हती.

"बेटावर किराणा दुकान कुठलं?" अप्पांनी मध्यस्थ बाळाचार्यांना विचारलं.

"नाही री," कानडीतला आदराचा 'री' लावत बाळाचार्य म्हणाले. "सगळं जहाजानं येतं."

"शेजारी?"

"नव्या लग्नाची गोरी जोडपी. दर आठवड्याला बदलतात."

"दूधवाला?"

"पावडर," बाळाचार्य ओशाळून म्हणाले.

असल्या जागी माणूस चांगला की वाईट हे ठरवायचं कुणी? अप्पांची झोप उडाली. शेवटी ते शुभांगीला घेऊन कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेले, तिला बाहेर बाकावर बसवलं आणि सरळ त्या हॉटेलला फोन लावला. जो उचलेल त्यालाच विचारायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

उचलणाऱ्यानं इंग्रजीत लांबलचक स्वागत केलं. अप्पांनीही आपलं तोडकंमोडकं इंग्रजी न घाबरता सुरू केलं. पलीकडच्यानं बोलण्याची ढब ओळखली.

"ऊटा आतेन्री?" जेवण झालं का, असं त्यानं हळूच कानडीत विचारलं.

अप्पांना देव भेटल्यासारखं झालं. भर समुद्रात धारवाडी कानडी. वर मराठीही येत होती त्याला. नाव-गाव विचारायचं भानच त्यांना राहिलं नाही.

"हे बघ बाळा, मी हुबळीचा पुंडलिकअप्पा. तुमच्यात नागेश म्हणून एक आहे, त्याला मुलगी द्यायची म्हणतोय. तू आपल्याकडचा, खरं सांग बघू. दारू घेतो?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग, "नाही घेत री."

"मॅनेजर आहे म्हणे."

"मॅनेजर कसला? फोन उचलतो. कोटपण हॉटेलचा, फोटोपुरता घातलेला."

अप्पांनी समाधानानं मान डोलावली. साक्षीदार अस्सल होता. "स्वभाव?"

"जरा बिघडलाय. कुणी काहीही मागितलं तरी हो म्हणायची सवय लागलीय. परवा एक बाई म्हणाली, समुद्राचा आवाज कमी करा. हा म्हणाला, करतो मॅडम."

"मग?"

"मग थोड्या वेळानं फोन करून विचारलं, आता बरंय का. बाई म्हणाली, थँक्यू."

अप्पांना हसू फुटलं, पण ते लगेच सावरले. "तुझी बहीण असती तर दिली असतीस त्याला?"

"नसती दिली." आवाज पडला होता. "इथं बायकोला आणता येत नाही. ती नवनगरात बसून फोटो बघत राहणार. तुम्ही नका देऊ अप्पा."

"इतकं खरं बोलणारा आजकाल मिळत नाही. नाव काय तुझं?"

"नागेश."

"म्हणजे तूच की तो. आधी सांगायचं नाही?"

"सांगणार होतो री. पण तुम्ही माझ्याबद्दल विचारायला लागला. इथं तसं कुणी विचारत नाही."

अप्पांना रागवायचं होतं, ते काही जमेना. "बरं, दुसऱ्या कुणाला तरी दे फोन. चौकशी पुरी व्हायला पाहिजे."

"कुणाला देऊ अप्पा? मला ओळखणारं इथं कुणी नाही."

अप्पांना गलबलून आलं. बोलणं आटोपून ते बाहेर आले तेव्हा शुभांगी उठून उभी राहिली. "काय म्हणाले लोक?"

"अख्ख्या बेटाचं एकच मत पडलं," डोळे पुसत अप्पा म्हणाले. "मुलगी देऊ नका."

तिचा चेहरा उतरला. "मग?"

"मग काय. बेटाला नको म्हणून सांगितलं, आणि मुलाला सामान बांधून हुबळीला ये म्हणून."