पोळ्याची अंघोळ

मी ससा बोलतोय. एरवी आमची जात मुकी. भ्यालो की मागचा पाय आपटतो, आणि अगदीच जिवावर बेतलं तर एकदा ओरडतो. मागच्या पोळ्याला मी तसा ओरडलो. त्या दिवसापासून माझा धनी माझ्यापुढे मान खाली घालून वावरू लागला.

माझं पहिलं घर नाशिक रोडच्या एका कॉलनीत. वाढदिवसाची भेट म्हणून आलो, टीव्हीची वायर कुरतडली आणि बुटांच्या खोक्यातून प्राण्यांच्या शेल्टरमध्ये पोचलो. तिथं लोक यायचे, मला ‘किती गोड’ म्हणायचे आणि कुत्र्याचं पिल्लू घेऊन जायचे.

नवनाथ आला तो गाडीखाली सापडलेलं कुत्रं घेऊन. सायखेड्याचा लाजाळू पोरगा. कुत्रं ताब्यात दिलं तरी पोराचा पाय निघेना. माझ्या पिंजऱ्यापुढे उकिडवा बसून राहिला. शेवटी शेल्टरच्या पल्लवीताईंना म्हणाला, “ह्याला नेलं तर चालंल का? आमचा गोठा रिकामा हाय.”

“गोठ्यात नाही, घरात ठेवायचा,” ताई म्हणाल्या. मग त्यांनी भराभर सांगितलं. गवत सतत पुढे हवं, कानाला धरून उचलायचं नाही, अंगावर पाणी घालायचं नाही. नवनाथ मान डोलावत होता, पण डोळे माझ्यावर होते.

त्याच्या आईनं, सिंधुबाईंनी, मला दारातच पाहिलं. “एवढासा? हा किती एकर नांगरंल रं?”

“आई, राहू दे ना.”

ट्रॅक्टर आल्यावर घरचा बैल विकला होता. त्याचंच नाव नवनाथनं मला दिलं, ढवळ्या. बांधावरचं कोवळं गवत तो रोज माझ्यासाठी निवडून आणायचा.

पोळा आला. गावात उरलेसुरले बैल नदीवर धुवायला निघाले. बैल गेल्यापासून आमच्या घरी मातीचेच बैल पुजत. नवनाथ म्हणाला, “यंदा घरात जितं जनावर हाय. मातीचे कशाला?”

त्यानं मला मोरीत नेलं. घमेल्यात पाणी, नवा साबण. बैलाला धुवावं तसं मानेपासून शेपटीकडे, तोंडानं ‘हो, हो’ करत तो मला चोळू लागला. इतक्या मायेनं मला कधी कुणी हात लावला नव्हता, आणि त्याच हातांत माझा जीव चालला होता. गारठा कातडीखाली शिरला. मी ओरडलो, त्याच्या मनगटावर ओरखडा काढला आणि अंग सोडून दिलं.

सिंधुबाई पुरणाच्या हातानंच धावल्या. मला पदरात गुंडाळलं. “उभा काय ऱ्हायला? गाडी काढ.”

शेल्टरमध्ये पल्लवीताईंनी मला टॉवेलात घेतलं, गरम पाण्याची बाटली लावली. “अंगावर पाणी कसं पडलं?”

घमेलं लवंडलं, असं सांगता आलं असतं. नवनाथ भिंतीकडे बघत म्हणाला, “पडलं नाय. मी अंघोळ घातली. पोळा हाय ना आज.”

ताईंनी टॉवेल माझ्याभोवती घट्ट केला. “मी सांगितलं होतं.”

“व्हय. माझं ध्यान नव्हतं, अन् परत विचारायची लाज वाटली.” मग हळूच म्हणाला, “ठेवून घ्या ह्याला. माझ्याकडं नको.”

“बरा होईपर्यंत ठेवते. मग तूच न्यायचा,” ताई म्हणाल्या. “आता बस इथं आणि विचार काय विचारायचंय ते.”

मी बरा होऊन घरी आलो. पण नवनाथ मला शिवेना. गवत ठेवायचा आणि चार हात मागे सरकायचा. मनगटावरचा ओरखडा दिसू नये म्हणून भर उन्हात लांब बाह्या घालायचा. सिंधुबाई म्हणायच्या, “सासऱ्यापुढं सुनेनं ताट ठेवावं तसा ठेवतो बघ.” तो हसायचासुद्धा नाही. माझी पाठ त्याच्या हाताची वाट बघायची.

असं करत वर्ष गेलं. आज तो उंबऱ्यावर बसून मातीच्या बैलांची शिंगं रंगवत होता. मी गेलो आणि त्याच्या पायाच्या अंगठ्यावर हनुवटी घासली. जे आपलं, त्यालाच आम्ही ससे असं करतो. त्याला ते ठाऊक नसावं. तरी त्याचा ब्रश थांबला. त्यानं हात पँटला पुसला. पुन्हा पुसला. कोरडा झाला का ते गालाला लावून बघितलं, आणि माझ्या कपाळावर ठेवला.

नवनाथ, उद्या पोळा. मला नैवेद्याला मेथीची एक काडी पुरे. पाणी तेवढं वाटीत ठेव.